नाडी एकशे अडतीस, स्थिती बसलेली

जळगाव,
१२ डिसेंबर, गच्चीवरच्या उन्हात बसून

सत्तारभाऊ,

तुला चुडामणचा कडकडून नमस्कार आणि सकीनाभाभींना सलाम. मोतीबिंदू काढल्यापासून तुझा दोरा सुईत एका दमात जातो, असं तुझ्या तौसिफने मागे फोनवर सांगितलं होतं. म्हणजे हे पत्र तुला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल, दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही. (डॉक्टरांची कृपा मी मानतो, अल्लाची तू मान, डोळा एकच आहे, दोघांनी वाटून घेऊ.) भाभींचा खोकला थांबला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे. हे वाक्य मी साधं शिष्टाचार म्हणून लिहिलेलं नाही. या पत्राचा तोच विषय आहे, आणि त्यावर मी अखेरपर्यंत लढणार आहे.

तर मुद्द्यावर येतो. (मी मुद्द्यावर येतो म्हटलं की सभेत लोक पाय लांब करून बसतात, हे मला ठाऊक आहे.) काल तुमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाची पत्रिका मिळाली. पुठ्ठा सुंदर, छपाई स्वच्छ. तौसिफच्या छापखान्याचं नाव राहील. पण मजकूर वाचला आणि चहा थंड झाला. व्याख्याते म्हणून कोणी रोहिदास नावाचे जीवनशैली-प्रशिक्षक, विषय ‘सकारात्मक सकाळ’. आणि खाली, आभारप्रदर्शनाच्या जरा वर, बारीक टाइपात : प्रमुख उपस्थिती, श्री. चुडामण गुरुजी, जळगाव. उपस्थिती! सत्तारभाऊ, पंचवीस वर्षं मी त्या व्यासपीठावर बोललो. तू घरी बांधलेल्या चाळीस पुस्तकांवर आणि खळीच्या वासावर ते वाचनालय उभं राहिलं, त्या पहिल्या दिवशीही मीच बोललो होतो. पुस्तकं चाळीस आणि श्रोते अकरा होते, तरी दोन तास बोललो होतो. सव्विसाव्या वर्षी मी नुसता उपस्थित राहू? उपस्थित तर खुर्चीही असते.

यात तुझा दोष नाही हे मला कळलं आहे. हे कारस्थान पुण्यात शिजलं, आणि चूल पेटवली ती एका घड्याळाने. आमची हेमलता तिथे संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला ती आली ती माझ्यासाठी एक काळं, चौकोनी, काटे नसलेलं घड्याळ घेऊन. हे घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं आणि सगळं फोनमधल्या एका ॲपला सांगतं. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. वैद्य नाडी बघायचेच. पण त्या ॲपमध्ये ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावलेला एक भाग आहे. तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा सल्लागार बसलेला असतो. तो रोज सकाळी तुमच्या तब्येतीवर चार ओळींचा निबंध लिहितो आणि त्याला काही वावगं वाटलं तर घरच्यांना परस्पर कळवतो. ‘या प्रयोगात सहभागी व्हायचं आहे का?’ असं त्याने मला रीतसर विचारलं. (शाळेत बेडूक फाडायचे तेव्हा बेडकाला कुणी विचारत नसे, तेवढी प्रगती मान्य आहे.) पण मी चष्मा शोधेपर्यंत हेमाने ‘होय’वर बोट ठेवलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, की हा सल्ला डॉक्टरांची जागा घेत नाही. मग कुणाची जागा घेतो? माझी! तुमच्या पत्रिकेवरून ते सिद्धच झालं.

माझा आणि मनगटी घड्याळाचा संबंध तुला ठाऊक आहे. भाषणाला उभं राहिलो की पहिलं काम म्हणजे घड्याळ काढून समोरच्या मेजावर ठेवायचं. श्रोत्यांना वाटतं, हा गृहस्थ वेळ पाळणार. नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. आयोजकांच्या चिठ्ठ्यांचंही तेच. ‘कृपया आवरावे’ अशी चिठ्ठी आली की मी ती आदराने कपाळाला लावून सदऱ्याच्या खिशात टाकतो, आणि लोकांना वाटतं कुणीतरी शुभेच्छा पाठवल्या. आमच्या दिपमालाने धुण्याच्या वेळी सापडलेल्या चिठ्ठ्या एका बिस्किटांच्या डब्यात जमवल्या आहेत. त्यात तुझ्या हाताच्या नऊ निघाल्या, असं ती सांगते. क्षमा असावी. पण त्या तेव्हा वाचल्या असत्या तर ती नऊ भाषणं अर्धी राहिली असती.

आता नशिराबादचा प्रसंग ऐक. दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात तिथे ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा होता. आयोजक उखर्डूआप्पा, माणूस उमदा. मंडप, मठ्ठा, फुलं, कशात कमी नाही. मेज तेवढं नव्हतं, नुसता माइकचा दांडा. मी ‘म्हातारपण आणि विवेक’ या विषयावर बोलायला उभा राहिलो. पहिला अर्धा तास गंगेसारखा शांत गेला. मग मंडपाच्या कोपऱ्यात माझी नजर गेली. तिथे एक टेबल लावलेलं (म्हणजे टेबल होतं, पण ते विक्रीला दिलं होतं), त्यावर चुंबकाची कडी मांडलेली, आणि वर फलक : हातात घाला, सांधेदुखी, मधुमेह, चिंता विसरा. सत्तारभाऊ, अशा वेळी मला आवरणं मलाच शक्य नसतं. मी म्हणालो, की हातात लोखंड घालून रोग गेले असते तर तुरुंगातले कैदी शंभर वर्षं जगले असते! टाळ्या पडल्या. मी दोन्ही हात उंच केले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि गरजलो, हे पाहा माझं मनगट! मोकळं आहे! ना कडं, ना गंडा, ना दोरा! अडुसष्ट वर्षांचा हा देह कशाच्या आधाराने उभा आहे? विवेकाच्या! पुन्हा टाळ्या. (ते दुकान उखर्डूआप्पांच्या जावयाचं आहे, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी बोललोच असतो, फक्त जावयाचा उल्लेख करून.)

टाळ्या चालू असतानाच दिपमाला पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठावर आली, हातात पाण्याचा पेला. मी पाणी प्यालो, आभार मानले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ती जागची हलेना. तिचं माहेर पिंपळनेरचं. एरवी ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते, पण घाबरली की अहिराणीवर येते. माइक चालू होता, आणि अख्ख्या नशिराबादने ऐकलं : “आते बसा खाले! हेमाना फोन शे!” चारशे लोक हसले. उखर्डूआप्पांनी तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीतापुढे मी काय बोलणार?

फोन कशाचा, तर त्या सल्लागाराने पुण्याला तातडीचा संदेश धाडला होता. हेमाने तो मला नंतर दाखवला. मला तो पाठ आहे, कारण अपमान मला पाठच होतो : ‘नाडी १३८. स्थिती : बसलेली. हालचाल : नगण्य. शारीरिक श्रमाविना तीव्र ताण. कृपया आपल्या प्रिय व्यक्तीची विचारपूस करा.’ आता तूच न्याय कर. चारशे साक्षीदारांसमोर मी दोन पायांवर ताठ उभा आहे, आणि हे यंत्र म्हणतं बसलेली! ज्या हातवाऱ्यांनी एकदा वरणगावात माइक खाली पाडला, ते हातवारे म्हणे नगण्य! नाडीचं एक वेळ सोड, माणूस उभा आहे की बसला आहे हे जर कळत नसेल तर त्याच्या बुद्धिमत्तेला कृत्रिम हे विशेषण फार सौम्य आहे. मी हे हेमाला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आकडा खोटा बोलत नाही. मी म्हणालो, आकडा खोटा बोलत नाही, पण तो कुणाबद्दल बोलतो आहे हे विचारावं लागतं, इतिहासाचा मास्तर म्हणून एवढं मी जाणतो. पण मुलीपुढे बापाचं वक्तृत्व चालत नाही. हुकूम निघाला : यापुढे भाषण वीस मिनिटं, तेही बसून. आणि हेमाने तुझ्या तौसिफला फोन केला. पुढची पत्रिका तुम्ही छापलीत.

हुकूम निघाला तेव्हाच मी गप्प बसलो नव्हतो. प्रथम डॉक्टरांकडे गेलो. आमच्या कॉलनीतले डॉक्टर माझेच विद्यार्थी, इतिहासात काठावर पास झालेले, पण हृदयात हुशार. त्यांनी छातीवर तारा चिकटवून कागदाची पट्टी काढली, चालण्याच्या पट्ट्यावर पळवलं, रक्त काढलं आणि म्हणाले, “सर, काहीच नाही. तुमच्या हृदयाला तुम्ही बोलता त्याची खबरसुद्धा लागत नाही.” घड्याळाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी शहाणपणाचं उत्तर दिलं : ते हाताशी असू द्या, लक्ष वेधायला चांगलं असतं, पण त्याने बोट दाखवलं की पाहायचं काम माणसाचं. हेच तर मी गेली पंचेचाळीस वर्षं सांगतो आहे! यंत्राने मोजावं, माणसाने ठरवावं. पट्टीचा फोटो पुण्याला पाठवला. उत्तर आलं, की दवाखान्यात तुम्ही गप्प होता ना बाबा, भाषण करताना काढलेली हवी.

तेव्हा मी प्रयोगावरच प्रयोग करायचं ठरवलं. ॲप म्हणतं, तुमची सवय ओळखायला मला चौदा दिवस लागतात. ठीक. चौदा दिवस रोज सकाळी सात वाजता गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभा राहून मी नशिराबादचं भाषण जसंच्या तसं केलं. बाह्या सरकवण्यासह, फक्त ‘मोकळं’ हा शब्द गाळून. कारण या खेपेस आयुष्यभराचा नेम मोडून घड्याळ हातातच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसापासून शेजारचे निवृत्त लोक आपापल्या गच्चीवर खुर्च्या टाकून बसू लागले. एकाने विषय बदला अशी चिठ्ठी फेकली, ती खिशात टाकली. आणि सल्लागाराचा निकाल काय? नाडी शहात्तर, कधी अठ्ठ्याहत्तर. एके दिवशी त्याने लिहिलं, की आज आपण पंचेचाळीस मिनिटं पोहलात, अभिनंदन. (डिसेंबरात! गच्चीवर! नळाला चार दिवसांआड पाणी येतं!) आणि चौदाव्या दिवशी, ज्या दिवशी मी अंधश्रद्धेवर असा तुटून पडलो की टाकीवरचं कबुतर उडालं, त्या दिवशी त्याने लिहिलं : ‘सकाळचा काळ आपण विश्रांतीत घालवला. मन शांत आहे.’ सत्तारभाऊ, एकशे अडतीसने मी चिडलो होतो, पण शहात्तरने मला जखम झाली. मी आग ओकतो आणि माझी नाडी चहा प्यायल्यासारखी चालते? मग एवढी वर्षं पेटलं कोण होतं?

ते असो. निष्कर्ष असा, की तेच भाषण, तोच वक्ता, एकदा एकशे अडतीस आणि एकदा शहात्तर. म्हणजे यंत्र बेभरवशाचं आहे, हे यंत्राच्याच तोंडून सिद्ध झालं. तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. पत्रिका नव्याने छापावी. रोहिदासांनी सकाळी सकारात्मक राहावं, संध्याकाळ माझी आहे. वेळ दोन तास चाळीस मिनिटं. आणि माझ्यासमोर मेज हवं. फोन करणार होतो, पण फोनवर आवाज चढला की तेवढंही पुण्याला कळेल, म्हणून पत्र. माघार नाही.

सर्वांना यथायोग्य. नातीला, मिसबाहला, गोड पापा.

तुझा, अजूनही व्याख्याता,
चुडामण

ता. क. : भरताची वांगी यंदा उत्तम आली आहेत. येताना एक पिशवी आणतो. कपाशीच्या काड्यांची सोय तू कर. गॅसवर भाजलेलं भरीत मी तत्त्व म्हणून खात नाही.

दुसरा ता. क., १३ डिसेंबर : पाकीट बंद करायचं राहून गेलं, त्यामुळे हे लिहावं लागत आहे. माझी पत्रं दिपमाला टपालात टाकते, आणि टाकण्यापूर्वी वाचते (पत्त्यात चुका होतात, असं कारण सांगते). काल ती स्वयंपाकघरातून पत्र घेऊन बाहेर आली, नशिराबादच्या परिच्छेदावर बोट ठेवून. म्हणाली, “मनगट मोकळं व्हतं ना? मंग घडी कोठे व्हती?” मी बाही सरकवून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मेज नव्हतं. भाषणाआधी मी सवयीने घड्याळ काढलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून पहिल्या रांगेत तिच्याकडे दिलं. माझा फोन तिच्या पिशवीत असतोच. घड्याळ पिशवीत हरवेल, म्हणून तिने ते बांगड्यांच्या वर बांधलं. “मन्हा हातमा व्हती,” ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला बसली.

बसलेली ती होती. हालचाल नगण्य तिची होती. यंत्राने अक्षर अन् अक्षर खरं सांगितलं, आणि मी चौदा दिवस टाकीला भाषण दिलं. हे तुला कधी कळलं, असं मी विचारलं. म्हणाली, दुसऱ्याच दिवशी. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, वीस मिनिटांचं ठरलं होतं, बरं चाललं होतं. मला छातीला तारा चिकटवून पळवलं गेलं तेव्हा ही बाहेर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होती! मी रागावणार होतो. पण तेवढ्यात तिने मान वर न करता सांगितलं, “अडतीस वरीस व्हयनात. तुम्ही बोलतस नि मन्हं काळीज धडधड करस. तुम्ही कोनवर घसरशात ते माले तीन वाक्य आगोदरच कळस.” पिंपळनेरला हुंड्यावर बोललो तेव्हा यजमानाच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा होता. तो तिने पाहिला होता, मी नाही. वरणगावात मी डीजेवर तुटून पडलो तेव्हा मंडपाला वीज डीजेवाल्याची होती, हेही तिला ठाऊक होतं. पेटायचं कोण, याचं उत्तर मिळालं. मी कधीच पेटलो नाही, सत्तारभाऊ. धग सगळी पहिल्या रांगेत लागत होती.

तिसरा ता. क., १५ डिसेंबर : कालच तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तारा, पट्टा, रक्त, सगळं केलं. या वेळी बाकावर मी होतो, आणि वर्तमानपत्र उलटं धरलं होतं हे मला नर्सने सांगितलं. दोन तास बसलो, एक शब्द बोललो नाही. घड्याळ हातात होतं. नाडी एकशे बारा, स्थिती बसलेली. हेमाचा पुण्याहून फोन आला, बाबा, काय झालं? तिला सगळं सांगितलं. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही. निकाल चांगला आहे. दिपमालाचं हृदय मजबूत आहे. डॉक्टर म्हणाले, रोग नाही, ताण आहे, आणि ताणाचं कारण बाहेर बाकावर बसलं आहे.

तेव्हा वरचं पत्र रद्द समज, वांग्यांचं सोडून. आता खरी विनंती. पत्रिका पुन्हा छापू नको. रोहिदासांचं व्याख्यान होऊ दे, मीही ऐकतो; सकाळबद्दल मला फारसं माहीत नाही. त्यानंतर मला बोलायला उभं कर. मेज ठेवू नको. घड्याळ मी दिपमालाला देणार आहे, आणि तिच्या शेजारी सकीनाभाभींना बसव, कारण भाभींनी तुला पन्नास वर्षं ऐकलं आहे, त्यांना या कामाचा अनुभव आहे. माझा फोन तौसिफच्या हातात राहील. दिपमालाचा आकडा शंभरच्या वर गेला की चिठ्ठी पाठवू नये, मी ती वाचत नाही. तिच्याच हाती पाण्याचा पेला देऊन तिला वर पाठवावं. पाणी पिऊन मी खाली बसेन, मग वाक्य कितीही अर्धं असो. हे तिला कळू देऊ नको, म्हणून या खेपेस पत्र मी स्वतःच टपालात टाकतो आहे. तिला वाटू दे की मलाच शहाणपण सुचलं.

चुडामण

चौथा ता. क., टपालपेटीजवळून, उभ्याने : शंभर फार कमी होतात रे. नुसतं ‘अध्यक्ष महोदय’ म्हटलं तरी तिचे नव्वद होतील. एकशे दहा धरावेत.